ग्रामसभा, लोकसंस्था आणि गांवचें पाणी

गांवचा विकास-आराखडा करण्याचा अधिकार ग्रामपंचायतीस मिळून आतां बराच काळ लोटला. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून अमलांत आली. 2015 पासून चौदाव्या वित्त आयोगाचें अनुदान थेट पंचायतीच्या हातीं येऊं लागलें, आणि 'आमचं गाव, आमचा विकास' या नांवाखालीं आराखडे करण्याचा प्रघात आपल्या राज्यांत पडला. तथापि शेतकऱ्याचें मत त्या कागदांत कितपत उतरतें, हा प्रश्न आम्हांस वाचकांपुढें ठेवावासा वाटतो.

ग्रामसभेस शेंकडा पंधरा किंवा शंभर मतदार, यांपैकीं जी संख्या कमी असेल तितके हजर लागतात. तितकेहि न जमल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणसंख्येची अट राहत नाहीं. म्हणजे सारें गांव घरीं बसलें तरी ठराव होतो तो गांवाच्याच नांवानें! मग आराखड्यांत सभामंडप येतो, आणि ओढ्याचा गाळ व फुटके बांध मागें राहतात. याचा सारा दोष सरपंचाच्या माथीं मारणें सोपें आहे. परंतु पेरणी-काढणीची सबब सांगून सभा चुकविणारे जमीनवाले त्यांतून सुटत नाहींत.

दुसरी गोष्ट लोकसंस्थांची. पाणलोटाच्या कामास मोजणी, नकाशा व वर्षानुवर्षांचा पाठपुरावा लागतो. तेवढें मनुष्यबळ लहान पंचायतीजवळ सहसा नसतें. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनीं पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें देवस्थानाची चाळीस एकर जमीन कसावयास घेतली, आणि ग्रामगौरव प्रतिष्ठानामार्फत पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. माणशीं अर्ध्या एकराचें पाणी, कुटुंबास फार तर अडीच एकरांचें, ऊस वर्ज्य, आणि भूमिहीनासहि पाण्याचा वांटा.

हें शेवटचें कलम आमच्या कित्येक वाचकांस टोंचेल. ज्यास जमीन नाहीं त्यास पाणी कशाला, असें बागाईतदार विचारतो. आमचें उत्तर केवळ दयाबुद्धीचें नाहीं. चराईबंदी ठरली कीं पहिला फटका शेळ्यांवर पोट भरणारास बसतो. त्यास न विचारतां केलेला ठराव डोंगरावर एक पावसाळाहि टिकत नाहीं. आणि डोंगर उघडा पडला कीं गाळ येतो तो बागाईतदाराच्याच विहिरींत.

नगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार येथें आदर्श गांव योजनेचें काम गांवच्याच संस्थेमार्फत झालें. पाऊस बेताचा, साधारण चारशें मिलिमीटर. पण तो मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढें मांडतात व त्यावरून पिकें ठरवितात; शेतीसाठीं विंधन विहिरी मना आहेत. तेथें सरपंच राहिलेले पोपटराव पवार यांचें नांव सर्वत्र झालें, परंतु पाणी नसेल त्या सालीं पीक बदलण्यास तेथील शेतकरी कबूल झाले, ही गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते.

संस्था म्हणजे पैसे खाण्याचें कुरण, असा आक्षेप नेहमीं येतो, आणि तो अगदींच निराधार नाहीं. नुसती पाटी लावलेल्या मंडळास पंचायतीनें एक पैहि देऊं नये. परंतु जी संस्था गांवांत राबते, तिचें काम व रक्कम आराखड्यांत उघड लिहावी, जागा व दप्तर पाहण्याची सोय द्यावी, हिशेब ग्रामसभेंत वाचून घ्यावा. आणि संस्था निघून गेल्यावर बांधांची निगा कोण राखणार, तें पैसे देण्यापूर्वींच ठरवावें. आमच्या पाहण्यांत शेवटची अट बहुधा कोणी घालीत नाहीं.

पुढील सालच्या आराखड्याची चर्चा साधारणतः 2 ऑक्टोबरच्या सभेपासून सुरू होते. तोंपर्यंत प्रत्येकानें आपल्या विहिरीची पातळी दर महिन्यास मोजून लिहून ठेवावी, आणि तो कागद घेऊनच सभेस जावें.