पाद्री निमोलर यांचे मत

१/ पाद्री मार्टिन निमोलर यांनी नाझी छळछावण्यांत सात वर्षे काढली, हे सर्वज्ञात आहे. त्याच निमोलर यांनी १९३३ साली हिटलरच्या पक्षाला मत दिले होते, याचा मात्र सोयीस्कर विसर पडतो.

२/ ते एकटे नव्हते. जुलै १९३३ च्या चर्च-निवडणुकीत जर्मन प्रोटेस्टंटांनी नाझीधार्जिण्या ‘जर्मन ख्रिश्चन’ गटाला मोठे बहुमत दिले.

३/ मे १९३४ च्या बार्मेन घोषणेने चर्चचे स्वातंत्र्य ठामपणे मांडले; ज्यूंच्या छळाविषयी तीत अवाक्षरही नाही.

४/ ‘धर्माचा मताशी काय संबंध?’ हा युक्तिवाद येथेच कोसळतो. शेजाऱ्यावर प्रेम करण्याची ख्रिस्ताची आज्ञा मतपेटीपाशी स्थगित होत नाही. ऑक्टोबर १९४५ मध्ये स्टुटगार्ट येथे चर्चच्या धुरिणांनी अपराधाची कबुली दिली. तीवर निमोलर यांचीही स्वाक्षरी होती. पण तोवर फार उशीर झाला होता.