‘घरच्यासारखी’ म्हणजे कुणासारखी?

मागच्या बैठकीत मी फिलिपिनो मोलकरणींचा विषय काढला तर एक जण म्हणला, “आपल्या बाया धुणीभांडी करून मरतायत आणि तू कुठं मनिलाला निघालास?” सगळे हसले. मीपण हसलो. रात्री रिंगखात्यात तुटलेले धागे जोडताना ते हसू घशात अडकलं. म्हणून हे लिहितो. पटलं नाही तर फाडून टाका, पण वाचून फाडा.

१९७४ साली मार्कोसनं कामगार कायदा आणला आणि माणूस परदेशी धाडणं हे सरकारी धोरण झालं. देशात काम नव्हतं, तेलाच्या देशांना हात पाहिजे होते. आधी पुरुष गेले बांधकामावर, मागून बाया गेल्या. आज त्या हाँगकाँग, सिंगापूर, कुवेत, सौदीत दुसऱ्याची पोरं वाढवतात. स्वतःची पोरं आजीच्या गळ्यात. परदेशात राबणारे सगळे फिलिपिनो मिळून वर्षाला तीस अब्ज डॉलरच्या वर पैसा घरी धाडतात. १९८८ साली राष्ट्राध्यक्ष कोराझोन अक्विनो हाँगकाँगात या मोलकरणींना ‘नवे वीर’ म्हणाल्या. ही चाल आपल्याला नवी नाय. हक्क द्यायचा नसला की पदवी द्यायची. आपल्याला नाही का कुणी ‘हरीचे जन’ करून टाकलं!

आता ते वीरपण बघा. आखातात कफाला म्हणून पद्धत आहे. बाईचा त्या देशात राहायचा परवाना मालकाच्या नावाला बांधलेला. मालक मारतो म्हणून पळाली तर ‘फरार’ ती, मालक नव्हे. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. कामाला तास नाहीत, हाक आली की उठायचं. हे वाचून मला महारकी आठवली. वतनातल्या महारालाही तास नव्हते. पाटलाची हाक आली की भाकर टाकून पळायचं. ते वतन मोडायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं. आपण म्हणतो वतन गेलं. गेलं कुठं? विमानात बसून गेलं.

फेब्रुवारी २०१८. कुवेतमधल्या एका बंद फ्लॅटच्या फ्रीजरमध्ये फिलिपिनो मोलकरणीचं प्रेत सापडलं. वर्षाहून जास्त काळ ते तिथं होतं. फिलिपिन्स सरकारनं बाया पाठवायची बंदी केली. मे महिन्यात दोन सरकारांचा करार झाला, बंदी उठली. करारात काय? मालकानं पासपोर्ट ठेवायचा नाही, फोन वापरू द्यायचा. म्हणजे स्वतःचा फोन स्वतःपाशी ठेवायला मिळावा म्हणून एका बाईला वर्षभर बर्फात पडावं लागलं. आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याच कुवेतच्या वाळवंटात दुसरीचं जळलेलं प्रेत.

कुणी म्हणेल, आखात रानटी आहे, हाँगकाँग बघा, तिथं करार आहे, आठवड्याला सुट्टी आहे. बघू. २०२३ च्या सप्टेंबरात तिथं मोलकरणीचा किमान पगार महिन्याला ४,८७० हाँगकाँग डॉलर ठरला. बाकीच्या कामगारांना तेव्हा तासाला किमान ४० डॉलर. घरात राहणारी मोलकरीण त्या कायद्यातच बसत नाही. महिन्याचे २६ दिवस, दिवसाचे १४ तास धरा, तासाला १३ डॉलर पडतात. म्हणतील, राहणं-खाणं फुकट आहे ना! राहणं कुठं? कुणी स्वयंपाकघरात झोपते, कुणी पोराच्या खोलीत जमिनीवर. वेगळी खोली घेऊन राहीन म्हणली तर २००३ पासून मनाई. काम सुटलं तर दोन आठवड्यांत देश सोड. दुसरा परदेशी माणूस सात वर्षं राहिला की कायमचा रहिवासी होऊ शकतो, मोलकरीण वीस वर्षं राबली तरी नाही. २०१३ साली वरच्या कोर्टानं तसा निकालच दिला. रविवारी या बाया सेंट्रल भागात बँकांच्या इमारतींखाली पुठ्ठे टाकून बसतात. पण हेही सांगतो, त्याच पुठ्ठ्यांवर त्यांच्या युनियनच्या सभा होतात, तिथूनच मोर्चे निघतात. आपल्या किती मोलकरणींची युनियन आहे?

आणखी एक गोष्ट, जी वाचून मी हादरलो. बऱ्याच देशांत मोलकरणीचा पगार कामावर नाही, देशावर ठरतो. फिलिपिनो बाईला इंग्रजी येतं म्हणून तिचा भाव वर. आफ्रिकेतल्या, बांगलादेशातल्या बाईचा खाली. भांडी तीच, पोर तेच, मार तोच. एक पायरी वरची बाई खालचीकडं बघून समाधान मानते. श्रेणीबद्ध विषमता कशी चालते ते बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलं, आणि आपण समजलो ती फक्त इथल्या मातीत उगवते.

१९४६ साली बाबासाहेब मजूरमंत्री असताना कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. म्हणून आज भोंगा वाजला की मी यंत्रासमोरून हलू शकतो. घरात भोंगा नसतो. घरकामगार म्हणजे कामगारच, तिला तास, सुट्टी, किमान वेतन द्या, असा आंतरराष्ट्रीय करार जिनिव्हात २०११ साली झाला. फिलिपिन्सनं तो २०१२ सालीच मान्य केला. भारतानं अजून केलेला नाही. ज्यांना आपण हसलो त्या बायांचा देश आपल्या पुढं आहे, कागदावर का होईना.

दिवाणखान्यातले लोक म्हणतात, “आमची बाई घरच्यासारखी.” घरच्या माणसाला कुणी ओट्याखाली वेगळा कप ठेवतं का? आणि हे फक्त सवर्णांना म्हणत नाही. आपल्यातल्याच एका साहेबाच्या घरी गेलो होतो वर्गणीला. भिंतीवर बाबासाहेब, खाली बुद्ध. मला काचेच्या कपात चहा. कामाच्या मावशी उभ्या होत्या, त्यांना कान तुटलेल्या कपात. त्यांनी तो कप स्वतः विसळला आणि खिडकीच्या कोपऱ्यात पालथा घातला. जागा ठरलेली दिसली. मी वर्गणीची पावती फाडली आणि उतरलो. काही बोललो नाही.

पुढच्या बैठकीत दोन ठराव मांडणार आहे. एक, तो २०११ चा करार भारतानं मान्य करावा म्हणून मोर्चा. दुसरा, आपल्या कार्यकर्त्यांच्या घरातले वेगळे कप. पहिल्या ठरावाला टाळ्या पडतील. दुसऱ्याला कोण हसतं ते मी मोजणार आहे.