टायमिंगची खूण आणि कुलूपबंद ज्ञान

मोटारीच्या इंजिनावर कारखान्याने कोरलेल्या काही बारीक खुणा असतात. क्रँकशाफ्टच्या पुलीवरची रेघ आणि कॅमशाफ्टच्या चक्रावरचा ठिपका आपापल्या जागी आले की टायमिंग जुळले असे मिस्त्री मानतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. परंतु ही खूण एका अटीवर खरी असते. इंजिन कारखान्यातून बाहेर पडले तसेच राहिले पाहिजे. हेड घासून बसवले, निराळ्या घडणीचा कॅमशाफ्ट घातला किंवा इंधन बदलले, की खूण तीच राहते. तिचा अर्थ मात्र बदलतो. अशा वेळी खुणेवर विसंबणारा फसतो आणि मोजून पाहणारा तरतो. हे मोजून पाहण्याचे ज्ञान आणि तो अधिकार आज कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न वरकरणी गॅरेजमधला वाटतो. वास्तविक तो वाहन बाळगणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या मासिक खर्चाशी आणि लहान कारागिराच्या उपजीविकेशी निगडित आहे.

टायमिंग म्हणजे नेमके काय, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची एक फेरी होते. इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो व मिटतो. हे उघडणे-मिटणे पिस्टनच्या चालीशी जुळलेले असावे लागते. पण ते पिस्टन टोकाला पोचण्याच्या क्षणी होत नाही. आत येणाऱ्या मिश्रणाला स्वतःची गती असते. पिस्टन खालच्या टोकावरून वर निघाला तरी मिश्रण काही काळ आत येतच राहते, म्हणून आतला व्हॉल्व्ह उशिरा मिटवला जातो. ठिणगीची गोष्ट याच्या उलट आहे. मिश्रण पूर्ण पेटायला एखाद-दोन सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत क्रँकशाफ्ट मिनिटाला १,००० फेऱ्यांच्या गतीला सहा ते बारा अंश फिरतो, तर ३,००० फेऱ्यांच्या गतीला अठरा ते छत्तीस अंश. वेग वाढला की ज्वलनही काहीसे जलद होते, त्यामुळे हा हिशेब सरळ त्रैराशिकाचा नाही. तरी पिस्टन वर पोचण्याआधीच ठिणगी पडली पाहिजे, एवढे यातून स्पष्ट होते. ती फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनलाच धक्का बसतो, नॉकिंग सुरू होते आणि पिस्टनला भोके पडण्यापर्यंत मजल जाते. फार उशिरा पडली तर इंधनाची उष्णता कामी न येता धुराड्यावाटे निघून जाते. पहिल्या चुकीची किंमत इंजिन मोजते, दुसरीची मालकाचा खिसा.

बदललेल्या इंजिनात हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. कॅमशाफ्ट हेडमध्ये बसवलेल्या इंजिनाचे हेड घासले की कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या किंचित जवळ येतो आणि सारे व्हॉल्व्ह ठरल्यापेक्षा थोडे उशिरा उघडू लागतात. दुसरीकडे दाब वाढल्यामुळे ठिणगी थोडी मागे घ्यावी लागते. जास्त काळ व्हॉल्व्ह उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट घातला, तर मंद गतीला सिलिंडर नीट भरत नाही आणि तेथे ठिणगी पुढे न्यावी लागते. चाळीस दातांच्या चक्रावर साखळी किंवा पट्टा एक दात चुकला, तर कॅमशाफ्टचे नऊ आणि क्रँकशाफ्टचे अठरा अंश चुकतात. काही इंजिनांत एवढ्या चुकीने व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

म्हणून जाणता मिस्त्री खुणेलाच आधी तपासतो. पिस्टन वरच्या टोकाला आला की काही अंश जणू थबकतो. त्यामुळे नेमके टोक डोळ्यांना सापडत नाही. यावर एक साधी युक्ती आहे. स्पार्क प्लगच्या भोकात अडसर घालायचा, क्रँकशाफ्ट हलकेच एका दिशेने अडेपर्यंत फिरवायचा, अंश कोरलेल्या चकतीवर आकडा वाचायचा; मग उलट दिशेने फिरवून दुसरा आकडा वाचायचा. दोहोंचा मध्य हेच खरे टोक. कॅमशाफ्टचेही तसेच. डायल गेज लावून व्हॉल्व्हच्या कमाल उचलीच्या दोन्ही बाजूंना सारख्या उचलीचे अंश टिपायचे आणि मध्य काढून तो कॅमशाफ्टबरोबर आलेल्या तक्त्याशी ताडून पाहायचा. यात गूढ असे काही नाही. शाळेतली भूमिती आणि सावध हात एवढ्या भांडवलावर हे काम होते. अधिकृत आकडा चुकीचा असू शकतो आणि तो तपासण्याची रीत कोणालाही शिकता येते, ही यातली खरी शिकवण आहे.

टायमिंगचा इतिहास पाहिला तर हे ज्ञान क्रमाने हात बदलत गेलेले दिसते. १९०८ ते १९२७ या काळात तयार झालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीत ठिणगी पुढेमागे करण्याचा दांडा सुकाणूच्या चाकाखालीच असे. हँडल मारण्यापूर्वी तो मागे घ्यायला चालक विसरला, तर इंजिन उलट झटका देई आणि मनगट मोडे. पुढे हे काम डिस्ट्रिब्युटरने पत्करले. त्यातली वजने वेगाप्रमाणे आणि पोकळीवर चालणारा पडदा भाराप्रमाणे ठिणगी पुढेमागे करू लागला. चालकाची त्यातून सुटका झाली आणि ज्ञान मिस्त्रीकडे आले. मुंबईच्या कुर्ल्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीपर्यंतच्या गाड्या या पिढीतल्या. एक पाना, पॉइंटचे अंतर मोजण्याची पट्टी आणि चाचणीचा दिवा एवढ्या साधनांवर रस्त्याकडेचा कारागीर त्यांचे टायमिंग बांधत असे. तिसऱ्या टप्प्यात डिस्ट्रिब्युटर गेला आणि संगणक आला. आता वेग, भार, तापमान आणि नॉकिंगची चाहूल घेणारी संवेदके यांच्या आधारे प्रत्येक ठिणगीचा क्षण एका तक्त्यावरून ठरतो. तो तक्ता उत्पादकाकडे असतो आणि त्याला कुलूप असते.

या बदलाचे लाभ नाकारणे अन्यायाचे होईल. संगणक थकत नाही आणि इंधनाची जी बचत व धुराचे जे नियंत्रण तो साधतो, ते पट्टी-पान्याने साधणारे नव्हते. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेले ‘भारत स्टेज ६’चे निकष जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या आवाक्याबाहेरचे आहेत. तेव्हा प्रश्न संगणक नको असा नाही. त्यातला हिशेब तपासण्याचा आणि गरजेप्रमाणे दुरुस्त करण्याचा अधिकार एकाच पक्षाकडे असावा काय, असा आहे.

ही गरज काही शर्यतीच्या हौशी तरुणांपुरती नाही. सार्वजनिक धोरणानेच ती लाखो घरांपर्यंत नेली आहे. मुंबईच्या हजारो टॅक्सी पेट्रोलवरून नैसर्गिक वायूवर गेल्या, तेव्हा हा धडा एकदा मिळाला होता. हा वायू पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो आणि नॉकिंगला सहज दाद देत नाही. म्हणून त्याला ठिणगी अधिक लवकर हवी आणि ती त्याला मानवतेही. पेट्रोलचेच टायमिंग कायम ठेवले, तर वायूमुळे आधीच घटलेली शक्ती आणखी घटते. ज्याला हे ठाऊक होते त्या मिस्त्रीने डिस्ट्रिब्युटर हाताने फिरवून, किंवा नव्या गाड्यांत ठिणगी पुढे नेणारे छोटे यंत्र बसवून, त्यावर उपाय केला.

आता तीच कसोटी त्याहून मोठ्या प्रमाणावर आली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि पुढे ते देशभर पसरले. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा उष्णता कमी असते, पण नॉकिंगला तोंड देण्याची ताकद जास्त असते. नीती आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात याचा अंदाज दिला आहे. शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकी गाड्यांची इंधन-क्षमता या नव्या मिश्रणाने ६ ते ७ टक्क्यांनी घटेल आणि तशाच दुचाकींची ३ ते ४ टक्क्यांनी. इंजिनात बदल करून आणि ते नव्याने जुळवून ही घट कमी करता येते, हेही त्याच अहवालात नमूद आहे. म्हणजे रोग ठाऊक आहे, औषधाचे नावही ठाऊक आहे. परंतु पाच-सात वर्षांपूर्वी कर्ज काढून दुचाकी घेतलेल्या कारकुनाने ते कोठून आणावे? त्याच्या गाडीचे इंधन शासनाने बदलले. ठिणगीचा तक्ता कारखान्यात अडकला. आणि वाढीव इंधनाचा खर्च त्याच्या पगारातून जातो. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य खर्च म्हणतात, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. निर्णय एकाचा, किल्ली दुसऱ्याची आणि भुर्दंड तिसऱ्याला!

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल. कुलूप उघडले, तर जो तो मनास येईल तसे टायमिंग बदलील; हवा बिघडेल आणि अपघात वाढतील. आक्षेपात तथ्य आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाने उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत फेरफारांना बंदी केली आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ती उचलूनही धरली. रात्री-अपरात्री कानठळ्या बसवणाऱ्या गाड्यांचा त्रास सोसणाऱ्या नागरिकांना या बंदीचे मोल सांगायला नको. परंतु त्याच कलमाने वेगळ्या इंधनासाठी इंजिनात विहित अटींवर बदल करण्यास वाव ठेवला आहे, हे विसरता येत नाही. शिवाय कुलूप म्हणजे प्रामाणिकपणाची हमी नव्हे. २०१५ मध्ये उघडकीस आलेल्या फोक्सवॅगन प्रकरणात डिझेल गाड्यांच्या संगणकाला चाचणी चालू असल्याचे ओळखायला शिकवलेले होते. चाचणीपुरता धूर स्वच्छ आणि रस्त्यावर घातक. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही लबाडी होती. ती केली कोणा नाक्यावरच्या मिस्त्रीने नव्हे, किल्ली ज्याच्या हाती होती त्यानेच. आणि ती पकडली गेली कशी? स्वतंत्र संशोधकांनी चालत्या गाडीचा धूर मोजला म्हणून. तात्पर्य असे की हवेचे रक्षण हिशेब झाकून होत नाही, धूर मोजून होते.

मग मार्ग कोणता? दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधने स्वतंत्र कारागिरांना वाजवी किमतीत मिळावीत, हे पहिले पाऊल. ही मागणी काही नवखी नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये सुटे भाग व तपासणीची साधने खुल्या बाजारात न पुरवल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. त्यावर पुढे अपिले झाली; पण मूळ तत्त्व मांडले गेले ते गेलेच. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच मोटारींपुरता दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ मध्ये या हक्काचा आराखडा तयार करण्यासाठी समिती नेमली आणि माहितीचे संकेतस्थळही उघडले. आता त्याला कायद्याचे बळ हवे.

दुसरे पाऊल असे की, शासन जेव्हा इंधन बदलते, तेव्हा जुन्या वाहनांसाठी शक्य असेल तेथे नवा तक्ता पुरवण्याचे बंधन उत्पादकावर घालावे. त्याची किंमत आणि मुदत आधी जाहीर व्हावी. बदललेले इंजिन रस्त्यावर येण्यापूर्वी त्याचा धूर मात्र कसून मोजला जावा. सध्याच्या पीयूसी तपासणीत उभ्या गाडीचाच धूर पाहिला जातो; तेवढ्याने टायमिंगचा दोष कळत नाही.

तिसरे पाऊल शिक्षणाचे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतल्या विद्यार्थ्याच्या हाती केवळ दोषाचा सांकेतिक क्रमांक दाखवणारे यंत्र देऊन भागणार नाही. त्याने अंशांची चकती लावून पिस्टनचे खरे टोक स्वतः शोधले पाहिजे आणि मगच पडद्यावरचा आकडा वाचायला शिकले पाहिजे. ज्याने एकदा खूण तपासून पाहिली, त्याला पडद्यावरच्या आकड्यालाही प्रश्न विचारता येतो. ज्याने ती कधीच तपासली नाही, तो जन्मभर सुटे भाग बदलणारा हमाल राहतो.

विजेच्या गाड्या आल्या की व्हॉल्व्ह आणि ठिणगी दोन्ही जातील, मग हा खटाटोप कशाला, असेही काही म्हणतील. पण त्या गाड्यांतही संगणक आहे आणि त्यालाही कुलूप आहे. शिवाय आज रस्त्यावर असलेली कोट्यवधी पेट्रोलची वाहने आणखी कित्येक वर्षे धावणार आहेत. खूण कारखान्याने कोरावी, यात गैर काही नाही. ती खरी आहे की नाही हे मोजून पाहण्याची मुभा मात्र तिची किंमत चुकवणाऱ्याला असली पाहिजे.