दुखणं, दारू आणि एक फोन

मैत्रिणींनो, आपल्या वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. तरी नाचणगाव असो की पुलगाव, दारूचा त्रास काय असतो हे बाईला सांगावं लागत नाही.

त्यातही सगळ्यात अवघड घर ते, जिथे एचआयव्ही, अंगाचं जुनं दुखणं आणि दारू एकत्र नांदतात. "पायाची आग होते वो, म्हून घेतो थोडी." हे सोंग नसतं. एचआयव्हीने नसा दुखावतात. पण दारूही त्याच नसा पोखरते. रात्रीपुरता आराम, पुढे आग वाढलेलीच. शिवाय त्या नशेत एआरटीची गोळी राहून जाते. २००४ पासून सरकार हे औषध फुकट देतं, पण रोज पोटात गेलं तरच विषाणू दबून राहतो.

भांडून हे सुटत नाही, हे आपण जाणतो. नीट बोलून मात्र फरक पडतो. गोव्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रांत पिणाऱ्या ३७७ पुरुषांचा अभ्यास झाला, २०१७ साली तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तिथे एचआयव्हीचा प्रश्न नव्हता. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी काहींशी फार तर चार वेळा बोलणं केलं. तीन महिन्यांनी त्यांच्यात शंभरातल्या ३६ जणांचं पिणं आटोक्यात होतं, बाकीच्यांत २६ जणांचं. जादू नाही, पण दहा घरं वाचली!

गावात समुपदेशकाच्या दारात उभं राहिलं की चार डोळे बघतात. फोनला दार नसतं. मन मोकळं करायला टेलि-मानस १४४१६, व्यसनासाठी १४४४६, एचआयव्हीसाठी १०९७, तिन्ही फुकट. घरातला मोबाइल त्यांच्याच खिशात असेल तर बहिणीचा मागा. आजार कुणाला सांगायचा, हे ठरवण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने रुग्णालाच दिलाय.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. प्यायले म्हणून त्या दिवशीची एआरटीची गोळी चुकवू देऊ नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू डॉक्टरांना न विचारता एकदम तोडू नका, झटके येऊ शकतात. आणि दुखण्याची गोळी मनाने आणू नका, दारूसोबत ती लिव्हरला भारी पडते.

ते फोनवर बोलायला तयार नसतील तर? मी म्हणते, तुम्ही बोला. दुखणं त्यांचं असलं, तरी रात्री जागता तुम्हीच ना!