जकातीचा दर आणि जमिनीचा पोत

कृष्णा-पंचगंगेच्या संगमानजीक वसलेल्या कुरुंदवाडच्या शिवारात जिकडे दृष्टी टाकावी तिकडे ऊस उभा आहे, आणि येथील वाणसामानाच्या दुकानांतून विकल्या जाणाऱ्या पामतेलाचे मूळ सुमात्रा-बोर्निओच्या त्या मळ्यांत आहे, जे वसवण्यासाठी तेथील विस्तीर्ण अरण्यांची तोड झाली. 13 ऑगस्ट 2009 रोजी आग्नेय आशियातील आसियान राष्ट्रांशी झालेल्या व्यापारी करारान्वये कच्च्या पामतेलावरील जकातीची कमाल मर्यादा 80 टक्क्यांवरून 2019 अखेर 37.5 टक्क्यांवर आणण्याचे आपण कबूल केले. त्याआधीच, 2008 साली, सरकारने ती जकात आपखुशीने शून्यावर आणली होती, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु सरकारी हुकूम फिरवता येतो, करारात दिलेला शब्द तितक्या सहजी फिरवता येत नाही.

परदेशी तेल स्वस्त झाले की भुईमुगाच्या शेंगेचा भाव पडतो, आणि ज्याला कायद्याने किमान दर बांधून दिला आहे त्या उसाकडे शेतकरी वळतो. उपसा सिंचन आणि कारखानदारी हीही त्याची प्रबळ कारणे आहेत. पण तेलबियांना रास्त भाव असता, तर पिकांच्या फेरपालटीला निदान जागा राहिली असती. उसाला दिलेल्या बारमाही पाण्याने कुरुंदवाडच्याच शिरोळ तालुक्यातील हजारो एकर जमीन क्षारपड झाली आहे: उन्हाळ्यात वर पांढरा थर फुटतो, उगवण विरळ होते, आणि श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने जमिनीत सच्छिद्र पाइप गाडून क्षार धुऊन काढण्याचे खर्चिक काम चालले आहे. भाव ठरवणाऱ्या दस्तऐवजात या खर्चाला रकाना नाही, तसाच तुटलेल्या अरण्यालाही नाही.

असा रकाना घालता येतो. इंडोनेशियाशी केलेल्या करारात स्वित्झर्लंडने जकातीची सवलत केवळ शाश्वत रीतीने पिकवल्याचा दाखला असलेल्या पामतेलापुरती राखली, आणि 7 मार्च 2021 रोजी तो करार लोकमताच्या कौलाला लावून मंजूर करून घेतला. जगात सर्वाधिक पामतेल विकत घेणाऱ्या भारताच्या शब्दाला याहून किती अधिक वजन आहे! आसियान कराराचा फेरविचार उभय पक्षांनी हाती घेतला असता तसेच कलम त्यात घालावे, आणि जकातीचा दर ठरवण्यापूर्वी तेलबिया पिकवणाऱ्या जिल्ह्यांतील पीकपाहणीची दप्तरे मागवून रयतेचे म्हणणे लेखी घ्यावे, अशी मागणी आपल्या खासदारांनी संसदेत केली पाहिजे.