दूतावासाची भिंत आणि आपला बाब्या



सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत एक वाक्य हमखास सापडतं: दूतावास म्हणजे त्या त्या देशाची जमीन. म्हणजे दिल्लीत चाणक्यपुरीत अमेरिकेचा दूतावास आहे, तर त्याच्या फाटकाच्या आत अमेरिका सुरू झाली. मुलं हे पाठ करतात, आपणही केलेलं असतं. पण ते खरं नाही. जमीन भारताचीच असते आणि आत गुन्हा घडला तर तो भारतातच घडलेला असतो. फक्त भारताच्या पोलिसांना राजदूताच्या परवानगीवाचून आत पाऊल टाकता येत नाही. १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं २२ वं कलम हे सांगतं. पुढे २९ व्या कलमात राजनैतिक अधिकाऱ्याला अटक करायची नाही असं आहे, आणि ३१ व्या कलमात त्याच्यावर यजमान देशात फौजदारी खटला चालवायचा नाही असं. जगातले जवळजवळ सगळे देश या करारात आहेत.

कल्पना नवी नाही. हनुमान लंकेत पकडला गेला तेव्हा बिभीषणाने रावणाला हेच सांगितलं, की दूताला मारायचं नसतं. (रावणाने मग शेपटीची पळवाट काढली. पुढचं तुम्हाला माहीत आहे.) मराठेशाहीत दुसऱ्याच्या दरबारी राहणाऱ्या प्रतिनिधीला वकील म्हणत, आणि दूतावासाला जुन्या मराठीत वकिलात हा छान शब्द आहे. त्यांच्या वकिलाला धक्का लावायचा नाही, कारण आपलाही वकील त्यांच्याकडे बसलेला आहे. सगळी व्यवस्था या एका धाकावर उभी आहे. देशांच्या वर कोणी फौजदार बसलेला नाही.

या भिंतीचा एक वेगळा उपयोगही होतो, तो म्हणजे आश्रय. व्हिएन्ना करारात दूतावासात कुणाला आश्रय देण्याचा हक्क कुठेच लिहिलेला नाही. पण पोलीस आत येऊ शकत नाहीत, त्यामुळे जो आत शिरला तो निदान तेवढ्यापुरता सुटला. विकिलीक्सचा ज्युलियन असांज १९ जून २०१२ ला लंडनमधल्या इक्वेडोरच्या दूतावासात शिरला, तो असा. स्वीडनमध्ये त्याच्यावर लैंगिक गुन्ह्याचे आरोप होते आणि ब्रिटनच्या न्यायालयांनी त्याला तिकडे पाठवायचा निर्णय दिला होता. स्वीडनमधून आपल्याला अमेरिकेच्या हवाली करतील, अशी भीती त्याने सांगितली. हा दूतावास म्हणजे काही राजवाडा नव्हे. हॅरॉड्सच्या दुकानाजवळ एका इमारतीतल्या काही खोल्या. ब्रिटनने इक्वेडोरला पत्र लिहून १९८७ च्या एका कायद्याची आठवण करून दिली. त्या कायद्याने इमारतीचा दूतावासाचा दर्जाच काढून घेता येतो. इक्वेडोरने ते पत्र उघड केलं, मोठी ओरड झाली, आणि ब्रिटन मागे सरलं. मग बाहेर पोलीस आणि आत असांज, असं चाललं. पोलिसांच्या पहाऱ्यावर एक कोटी पौंडांहून जास्त खर्च झाला.

माझ्या वर्गातल्या एकाने विचारलं होतं, "बाई, मग रात्री गुपचूप घुसायचं ना!" त्याला मी १९८४ ची गोष्ट सांगितली. लंडनमध्ये लिबियाच्या दूतावासाबाहेर निदर्शनं चालू होती. आतून गोळ्या झाडल्या गेल्या आणि बंदोबस्तावरची पोलीस शिपाई इव्हॉन फ्लेचर मारली गेली. वय २५. ब्रिटिश पोलिसांनी इमारतीला ११ दिवस वेढा दिला, पण ते आत गेले नाहीत. शेवटी आतल्या सगळ्यांना विमानात बसवून लिबियाला जाऊ दिलं. का? कारण त्रिपोलीत ब्रिटनचीही माणसं होती. मघाचा १९८७ चा कायदा यानंतरच आला. फ्लेचरच्या खुनाबद्दल आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही. इतक्या टोकाच्या प्रसंगीही ती भिंत ओलांडली नाही, तर असांजसाठी कोण ओलांडणार?

पुढे इक्वेडोरमध्ये सरकार बदललं. ११ एप्रिल २०१९ ला नव्या सरकारने आश्रय काढून घेतला, राजदूतानेच पोलिसांना आत बोलावलं, आणि असांजला उचलून गाडीत घातलं. कायद्याचा एक शब्दही बदललेला नव्हता.

या बाबतीत न्यायालय काय करू शकतं, हे बघायचं तर पेरूचं प्रकरण बघा. तिथले नेते आया दे ला तोरे जानेवारी १९४९ मध्ये लिमातल्या कोलंबियाच्या दूतावासात आश्रयाला गेले. पेरू म्हणे तो बंडखोर गुन्हेगार, कोलंबिया म्हणे तो राजकीय नेता. दोघे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. १९५० मध्ये न्यायालयाने सांगितलं की हा आश्रय नियमाप्रमाणे दिलेला नाही. पेरूला वाटलं, आता माणूस ताब्यात मिळेल. १९५१ मध्ये न्यायालय म्हणालं, आश्रय संपला पाहिजे, पण त्याला पेरूच्या हवाली करायला कोलंबिया बांधील नाही. मग करायचं काय? ते तुम्ही दोघं ठरवा! आया दे ला तोरे १९५४ पर्यंत दूतावासातच राहिले. दोन देशांची बोलणी झाली तेव्हा बाहेर पडले. लॅटिन अमेरिकेतल्या देशांनी त्याच वर्षी काराकासमध्ये दूतावासातल्या आश्रयाचा आपापसात करार केला. त्यात इक्वेडोरही होतं, मेक्सिकोही होतं.

हे मुद्दाम सांगते, कारण ५ एप्रिल २०२४ च्या रात्री इक्वेडोरचे पोलीस आपल्याच राजधानीत, किटोमध्ये, मेक्सिकोच्या दूतावासाच्या भिंतीवर चढले. माजी उपराष्ट्राध्यक्ष होर्हे ग्लास डिसेंबरपासून आत होते. भ्रष्टाचाराच्या खटल्यांत त्यांना शिक्षा झालेली होती, आणि मेक्सिकोने त्यांना राजकीय आश्रय नुकताच जाहीर केला होता. पोलिसांनी त्यांना ओढून बाहेर काढलं. मेक्सिकोने संबंध तोडले आणि हेगला धाव घेतली. इक्वेडोरनेही उलट दावा ठोकला, की दूतावासाचा गैरवापर झाला. तो मुद्दा अगदीच पोकळ नाही; काराकासच्या करारातही साध्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला आश्रय नाही. पण लंडनमध्ये ज्या भिंतीसाठी हा देश जवळपास सात वर्षं कलम दाखवत होता, तीच भिंत घरी आडवी आली तेव्हा तो शिडी घेऊन आला.

आपल्याकडे म्हण आहे, आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. इक्वेडोरला हसण्याआधी आपलं २०१३ साल आठवून बघू.

केरळच्या किनाऱ्याजवळ २०१२ मध्ये इटलीच्या दोन नौसैनिकांच्या गोळीबारात दोन मच्छीमार गेले. सर्वोच्च न्यायालयाने त्या नौसैनिकांना मतदानासाठी चार आठवडे इटलीला जाऊ दिलं, ते परत येतील या इटलीच्या राजदूताच्या हमीवर. मार्च २०१३ मध्ये इटलीने कळवलं, ते येणार नाहीत. न्यायालयाने राजदूतालाच देश सोडायला मनाई केली. राग योग्यच होता, लेखी शब्द मोडला होता. न्यायालयाचं म्हणणं असं, की जो स्वतः इथे येऊन हमी देतो त्याला संरक्षण कसलं. पण व्हिएन्ना करारात ते राजदूताचं संरक्षण त्याच्या देशाचं असतं, आणि तो देश स्पष्ट शब्दांत सोडेपर्यंत ते राहतं. शेवटी नौसैनिक परतले, म्हणून ताण सैल झाला.

त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये आपल्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. मराठी मुलगी, त्यामुळे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत दुसरं काही नव्हतं. घरकामाला भारतातून नेलेल्या बाईच्या व्हिसाच्या कागदांत पगार खोटा दाखवला, असा आरोप होता. त्यांची कपडे उतरवून झडती घेतली, ते निषेधार्हच, त्यात दुमत नको. पण वाणिज्य दूतावासातल्या अधिकाऱ्यांसाठी १९६३ चा वेगळा करार आहे आणि त्यात संरक्षण फक्त कार्यालयीन कामापुरतं आहे. आपण दिल्लीतल्या अमेरिकी दूतावासापुढचे अडथळे काढले, त्यांच्या अधिकाऱ्यांच्या सवलती काढल्या, खोब्रागडे यांची संयुक्त राष्ट्रांतल्या आपल्या कार्यालयात बदली केली. जानेवारीत त्यांना पूर्ण संरक्षण मिळालं. अमेरिकेने विचारलं, संरक्षण सोडता का? आपण नाही म्हणालो. त्या भारतात परत आल्या.

आणि २०१५? गुरुग्राममध्ये सौदी अरेबियाच्या एका राजनैतिक अधिकाऱ्याच्या घरातून दोन नेपाळी स्त्रियांना पोलिसांनी सोडवलं. कोंडून ठेवल्याचे आणि बलात्काराचे आरोप होते. दूतावासाने ते नाकारले. काही दिवसांत तो अधिकारी देश सोडून गेला. या वेळी आपण चिडलो, की हा कसला कायदा!

कायदा तोच होता, वाचकहो. आरोपांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, ते मान्य. पण दोन्हीकडे गप्प झाली ती घरकाम करणारी बाई. न्यूयॉर्कच्या वेळी तीही भारतीयच होती, तिच्यासाठी आपण किती जण बोललो?

माझं मत असं, की भिंत पाडू नये. तेहरानमध्ये १९७९ ला ती पाडली तेव्हा अमेरिकेचे ५२ लोक ४४४ दिवस ओलीस राहिले. उद्या आपलीच माणसं कुठे अडकतील सांगता येत नाही. पण संरक्षण देशाच्या कामासाठी आहे, त्यामुळे ते सोडण्याचा अधिकारही देशाकडे आहे, आणि तो वापरता येतो. १९९७ मध्ये जॉर्जियाच्या एका अधिकाऱ्याने वॉशिंग्टनमध्ये दारू पिऊन गाडी चालवली आणि १६ वर्षांची मुलगी गेली. जॉर्जियाने संरक्षण सोडलं, त्याला तिथेच तुरुंगवास झाला. छोटा देश, पण हिंमत दाखवली. सोडायचं नसेल तर घरी खटला चालवा. करारातही ३१ व्या कलमात लिहिलंय की मायदेशाच्या कायद्यातून सुटका नाही. भारताने आपल्या अधिकाऱ्यांबाबत हे आधीच जाहीर करावं: कामाबाहेरच्या गंभीर आरोपात एकतर संरक्षण सोडू, नाहीतर इथे खटला चालवू. मग गुरुग्रामसारख्या वेळी दुसऱ्याला विचारायला तोंड राहील.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये एक फट शोधली आहे. एका सौदी अधिकाऱ्याच्या घरी राबणाऱ्या फिलिपिनो बाईने दावा केला होता, की तिला कोंडून, पगार न देता राबवलं. न्यायालय म्हणालं, हे आरोप खरे असतील तर अशी गुलामी म्हणजे नफ्याचा खाजगी व्यवहार, आणि त्याला संरक्षण नाही. निकाल ३ विरुद्ध २ असा लागला. दावा दिवाणी होता. फौजदारी खटल्यात तेवढीही फट नाही.