दुसरा भाग हवाय? मग पहिल्याच्या तिकिटाचं बोला!

स्पष्ट बोलतो. पोस्ट मोठी आहे, पण विषय आपल्या घरातला आहे. शेवटपर्यंत वाचा आणि मग ज्या काही शिव्या घालायच्या त्या घाला.

2025 च्या ऑगस्टअखेर 'लोका : चॅप्टर 1 चंद्रा' हा मल्याळम सिनेमा आला आणि पुढचा महिनाभर माझी टाइमलाइन त्यानेच भरून गेली. लिहिणारे बहुतेक सगळे मराठी. कुणी म्हणतंय, कल्याणी प्रियदर्शनने फोडलंय. कुणी शेवटच्या सीनवर तीन-तीन पानं थिअरी लिहितंय. टोविनो थॉमसचा दुसरा भाग जाहीर झाला तर एकाने लिहिलं, "आत्तापासूनच सुट्टी टाकून ठेवतो." आनंद आहे. चांगल्या सिनेमाला चांगलंच म्हणावं. पण अशा प्रत्येक पोस्टखाली एक कमेंट ठरलेली असते: "मराठीत असलं काही कधी होणार?" आणि त्याखाली शे-दीडशे लाइक.

माझं उत्तर: होऊन गेलं. तुम्ही नव्हता.

6 फेब्रुवारी 2015. सिनेमाचं नाव 'बाजी'. दिग्दर्शक निखिल महाजन, नायक श्रेयस तळपदे, समोर खलनायक जितेंद्र जोशी, सोबत अमृता खानविलकर. घोड्यावर बसणारा, तोंडावर मुखवटा असलेला, गावाच्या दंतकथेतून उठून आलेला नायक. मराठीतला पहिला सुपरहिरो म्हणूनच त्याची जाहिरात झाली होती. मी तो थिएटरात पाहिला. आजूबाजूला मोजून वीस-बावीस माणसं होती, त्यात दोन जोडपी एसीसाठी आलेली. काही दिवसांत पोस्टर उतरलं. आज दहा वर्षं उलटून गेली, त्याचा दुसरा भाग नाही. आणि नवल म्हणजे, तो कुणी मागतही नाही.

आता लगेच कोणीतरी लिहिणार, "अहो, पण तो सिनेमा फसला होता." बरं, फसला होता असं धरून चालू. लांबला होता, मध्येच रेंगाळत होता, इफेक्ट्स बजेटएवढेच होते. मान्य. मग 1997 साली दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झाला तेव्हा त्याचे इफेक्ट्स काय हॉलीवूडचे होते? गोल-गोल फिरणारा माणूस आणि मागे रंगीत रेघा! तरी त्या वेळेला गल्ल्या ओस पडायच्या. पोरांनी त्याला वेळ दिला, म्हणून तो वर्षानुवर्षं टिकला. दुसरा भाग असतोच मुळी पहिल्यातल्या उणिवा भरून काढायला. पहिल्यालाच संधी नाही दिली तर दुरुस्ती कशाची करणार? आणि हेच निखिल महाजन पुढे 'गोदावरी'साठी सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार घेऊन आले, हेही लक्षात असू द्या. माणसात दम नव्हता असं म्हणायची सोय नाही.

दुसरं उदाहरण घ्या. जून 2023. 'स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'. हा सिनेमा भारतात दहा भाषांत आणला होता आणि त्या दहांत मराठी होती! त्यात पवित्र प्रभाकर नावाचा भारतीय स्पायडर-मॅन आहे. तो राहतो मुंबई आणि मॅनहॅटन मिळून झालेल्या मुंबटनमध्ये. हे पात्र आजचं नाही. 2004 मध्ये शरद देवराजन, जीवन कांग वगैरे मंडळींनी कॉमिकसाठी ते घडवलं, तेव्हापासून तो मुंबईचाच पोरगा. म्हणजे बघा, मुंबईचा स्पायडर-मॅन आणि तो मराठीत बोलतोय. आणखी काय पाहिजे होतं?

मी इथे मीरा रोडला एका मल्टिप्लेक्सच्या खिडकीवर मराठी शो विचारला. पलीकडच्या मुलाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे, आणि मलाच विचारलं, "सर, मराठी में भी आया है क्या?" त्याला काय बोलणार? त्याच्याकडे विचारणारे आलेच नव्हते. आमच्या शांती नगरच्या सेक्टरमधली मराठी घरातली पोरं हिंदी नाहीतर इंग्रजी शो बघून आली आणि खाली गेटपाशी पवित्र प्रभाकरच्या उड्या मारत हिंदीत भांडत बसली. त्यांचा दोष नाही. मराठी आवृत्ती आहे हे त्यांच्या आईबापांनाच माहीत नव्हतं.

तो सिनेमा ऐन रंगात 'पुढे चालू' म्हणून संपतो. पुढचा भाग 'बियाँड द स्पायडर-व्हर्स'. तो आधी मार्च 2024 ला येणार होता, आता जून 2027 वर गेलाय. माइल्सचं काय होणार, पवित्र परत दिसणार का, यावर आपली मंडळी रोज गप्पा मारतात. माझा एकच प्रश्न आहे: तो भाग मराठीत येणार का? आणि नाही आला, तर ओरडायचा हक्क कुणाला? 2023 ला मराठी तिकीट मागितलेल्यांना, की घरी बसलेल्यांना?

"मराठी प्रेक्षक चोखंदळ आहे, त्याला असले पोरकट प्रकार चालत नाहीत." हे वाक्य ऐकून माझे कान किटले. चोखंदळ? 'बॉईज'चे चार भाग आले. 'टाइमपास'चे तीन आले. 'मुंबई-पुणे-मुंबई'चे तीन आले. 'नवरा माझा नवसाचा'चा दुसरा भाग तब्बल वीस वर्षांनी, 2024 मध्ये आला आणि लोकांनी सहकुटुंब जाऊन पाहिला. मला या सिनेमांबद्दल तक्रार नाही. उलट हेच माझं म्हणणं आहे. जिथे तिकिटं फाटली तिथे पुढचे भाग आले. म्हणजे व्यवहार आपल्याला कळतो. फक्त सुपरहिरो म्हटलं की आपण फुकटात अपेक्षा करतो.

आणि पोरकटपणाचं म्हणाल, तर 1990 च्या 'धडाकेबाज'मधला कवट्या महाकाळ आजही आपल्या मीम्समध्ये जिवंत आहे. बाटलीतला लक्ष्या आणि कवटीच्या मुखवट्यातला खलनायक आपण तीस-पस्तीस वर्षं विसरलो नाही. महेश कोठारेंनी ते केलं तेव्हा कोणी "मराठीत हे शोभत नाही" म्हणून उठून गेलं नव्हतं.

आता जरा दुखणाऱ्या जागेवर बोट ठेवतो. 'लोका'तली नायिका कोण? केरळच्या लोककथेतली कल्लियनकाट्टु नीली, एक यक्षी. आजीच्या गोष्टीतली बाई त्यांनी आजच्या बंगळुरूत आणून उभी केली. आपल्याकडे आजीच्या गोष्टींचा तुटवडा आहे का? मुंज्या, वेताळ, हडळ, गिऱ्हा, देवचार... कोकणातला एकेक वाडा म्हणजे एकेक युनिव्हर्स आहे. त्यातला मुंज्या निघाला 2024 मध्ये. पिंपळावरचा, मुंज होऊन लग्नाआधी गेलेला, अस्सल आपला. सिनेमाने देशात शंभर कोटींच्या वर धंदा केला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, आपलाच माणूस, ज्याने आधी मराठीत 'फास्टर फेणे' केला आणि 2022 ला 'झोंबिवली' केला. पण 'मुंज्या' झाला हिंदीत, 'स्त्री' आणि 'भेडिया'च्या मालिकेत. त्यानंतर 'थामा'ही हिंदीत.

मी सरपोतदारांना एका शब्दाने दोष देत नाही. डोंबिवलीत झोंबी आणणाऱ्या माणसाला पुढचं मोठं पाऊल हिंदीत टाकावं लागलं असेल, तर त्याने भाषा सोडली असं म्हणू नका. आपण त्याला किती तिकिटांचा आधार दिला ते मोजा. आता मुंज्याचा पुढचा भाग येईल तोही हिंदीतच येईल, आणि आपण त्याच्या ट्रेलरखाली लिहू, "प्राउड टू बी महाराष्ट्रीयन."

2011 च्या जनगणनेत मल्याळम बोलणारे साधारण साडेतीन कोटी होते. मराठी बोलणारे आठ कोटींच्या वर. साडेतीन कोटींच्या भाषेतल्या 'लोका'ने जगभरात तीनशे कोटींच्या आसपास गल्ला जमवला. आमच्याच बिल्डिंगमधलं एक मल्याळी कुटुंब मूळ मल्याळम शो बघायला पोरांना घेऊन लांब गेलं. हिंदी डब आठवड्यात इथेच येणार होता, तरी थांबले नाहीत. मी विचारलं, एवढी दगदग कशाला? ते म्हणाले, "पोरं आमची भाषा ऐकतील ना, म्हणून." बस्स. याला म्हणतात भाषेवरचं प्रेम. त्यासाठी त्यांनी झेंडा काढला नव्हता.

झेंड्याचा विषय निघालाच आहे तर तेही बोलतो. 8 जुलै 2025 ला आपल्या मीरा रोडने मराठीचा मोर्चा पाहिला. परवानगीवरून वाद झाला, धरपकड झाली, तरी हजारो लोक रस्त्यावर उतरले. दुकानदाराच्या कानाखाली मारून भाषा वाढत नाही हे मी तेव्हाही लिहिलं होतं आणि त्याबद्दल भरपूर ऐकून घेतलं होतं. पण मोर्चातली सामान्य माणसं खरी होती, त्यांची कळकळ खरी होती, हेही तेवढंच खरं. मला एवढंच विचारायचंय, त्या हजारोंपैकी शंभर जण पुढच्या शुक्रवारी एका मराठी सिनेमाच्या संध्याकाळच्या शोला का दिसत नाहीत?

"शोच दुपारी बाराचा असतो, नोकरदार माणसाने जायचं कधी?" ही तक्रार शंभर टक्के रास्त आहे. एप्रिल 2015 मध्ये, म्हणजे 'बाजी' उतरल्यावर दोन महिन्यांनी, सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइमला मराठी सिनेमा दाखवायला सांगितलं. तेव्हा प्राइम टाइम म्हणजे संध्याकाळी सहा ते नऊ. आरडाओरडा झाला आणि काही दिवसांत प्राइम टाइमच दुपारी बारा ते रात्री नऊ झाला! विरार लोकलला लटकून घरी येणाऱ्या माणसाचा प्राइम टाइम दुपारी बाराला असतो हा शोध सरकारने लावला. यावर भांडायलाच हवं, मी सोबत आहे.

पण भांडण जिंकायला हातात आकडा लागतो. जानेवारी 2024 ला तेलुगूत 'हनुमान' आला तेव्हा त्याच दिवशी महेश बाबूचा 'गुंटूर कारम' होता. छोट्या 'हनुमान'ला हैदराबादेत स्क्रीन मिळेनात. लोकांनी मिळाले ते शो भरून काढले, मग स्क्रीन आपोआप वाढल्या. थिएटरवाल्याला ना मराठीचं प्रेम, ना मराठीचं वैर. त्याला फक्त रिकाम्या खुर्च्यांचं वैर. शुक्रवार ते रविवार किती खुर्च्या भरल्या हे बघून तो सोमवारचे शो ठरवतो. निर्मात्याचा वाटाही सहसा पहिल्या आठवड्यात जास्त असतो, पुढे उतरत जातो. म्हणून "पुढच्या आठवड्यात बघू" हे वाक्य सिनेमाला मारतं. आणि "ओटीटीवर येईलच की" हे वाक्य दुसऱ्या भागाला मारतं. टेलिग्रामवरून उतरवून बघणाऱ्यांशी तर मला बोलायचंच नाही.

निर्मात्यांनाही सोडत नाही. टीझर दहा दिवस आधी टाकायचा, पोस्टरवर नायकापेक्षा सादरकर्त्यांची नावं मोठी छापायची आणि मग "प्रेक्षक येत नाहीत" म्हणून मुलाखती द्यायच्या. सुपरहिरोला पैसा लागतो हे खरं, पण आधी गाव लागतं. 'मिन्नल मुरली'चा नायक खेड्यातला शिंपी आहे. आमच्या उत्तनचा कोळी किंवा घोडबंदरचा आगरी पोरगा का नाही चालणार? सप्टेंबर 2025 मध्येच 'दशावतार' आला. ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर कोकणातल्या दशावतारी कलावंताच्या भूमिकेत उभे राहिले आणि लोकांनी थिएटर भरली. म्हणजे प्रेक्षक आहे. त्याला ओळखीची माती दिसली की तो येतो. या यशावर पुढचं धाडस कोण बांधतंय, ते बघायचंय.

तर आता काय करायचं ते सांगतो. फक्त लाइक करून जाऊ नका.

एक. जून 2027 ला अजून वेळ आहे. 'स्पायडर-व्हर्स'चा पुढचा भाग मराठीत हवा, आणि संध्याकाळी हवा, हे वितरकांच्या पेजवर आत्तापासून लिहा. मराठीत लिहा. "वुई वाँट मराठी डब" असं लिहिणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

दोन. सोसायटीच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं पाठवतो ना आपण? त्याच ग्रुपवर चाळीस-पन्नास नावं गोळा करा आणि मल्टिप्लेक्सच्या मॅनेजरला एकगठ्ठा बुकिंग विचारा. एवढी तिकिटं समोर दिसली की शो लागतो, मोर्चाची गरज पडत नाही.

तीन. मराठीत कुणीही असलं वेडं धाडस केलं की पहिल्या तीन दिवसांत जा. आवडलं नाही तर बाहेर येऊन खुशाल फाडा, पण तिकीट काढून फाडा.

हे जमणार नसेल तर "मराठीत असलं कधी होणार?" ही कमेंट कृपया बंद करा. आपल्या सेक्टरमधली पोरं आज उड्या हिंदीत मारतायत. उद्या त्यांना मराठीत उडी मारणारा नायक मिळाला नाही, तर त्याचं खापर मल्टिप्लेक्सवर आणि सरकारवर फोडून आपली सुटका होणार नाही.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये या, पण येताना सांगा, थिएटरात जाऊन पाहिलेला शेवटचा मराठी सिनेमा कोणता आणि कोणत्या आठवड्यात.